ग्वादलूपच्या डोंगरात: आधी पाणी, मग शिखर

टेक्सासमध्ये डोंगर कुठे आहेत, असा प्रश्न डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी घरांत नेहमी ऐकू येतो, आणि सुट्टी लागली की गाड्या कोलोरॅडोकडे वळतात. पण राज्याच्या पश्चिम टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला टेकून, ग्वादलूप माउंटन्स राष्ट्रीय उद्यान आहे. टेक्सासचं सर्वोच्च शिखर, ग्वादलूप पीक, इथलंच. उंची 2667 मीटर. त्याच्या पायथ्याला पाइन स्प्रिंग्ज इथे जिथे तंबू लावायचा, ती जागाच सुमारे 1775 मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सव्वाशे मीटर उंचावर तुम्ही रात्री झोपता. भोवती चिवावा वाळवंट पसरलेलं, आणि त्यातून एकदम वर उठलेली चुनखडीची भिंत.

सह्याद्रीत ज्यांचे पाय तयार झाले आहेत त्यांना इथली चढाई जड जात नाही. अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे गडावर टाकं असतं, पायथ्याच्या वाडीत कुणी ना कुणी पाण्याचा तांब्या पुढे करतं, वाटेत लिंबूसरबत मिळतं. पाणी सोबत नेतो आपण, पण ते संपलं तर काय, ही भीती मनात खोलवर नसते. ग्वादलूपच्या मोठ्या चढाच्या वाटांवर पाण्याचा एक थेंब मिळत नाही. दुकान नाही, वस्ती नाही, आणि नकाशावर जे दोन-चार झरे दिसतात ते प्राण्यांसाठी राखलेले आहेत. म्हणून या उद्यानाचा बेत शिखरापासून आखू नये. तो पाण्यापासून आखावा आणि मग वाऱ्याला विचारावं. शिखराचा नंबर त्यानंतरचा.

पाण्याचा हिशेब

उद्यानाचा सल्ला माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी असा आहे. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला हा आकडा जास्तच वाटतो. तो जास्त नाही. कोकणकड्याखाली एप्रिलमध्ये चालताना शर्ट अंगाला चिकटतो, घाम डोळ्यांत उतरतो आणि शरीर आपणहून सांगतं की पाणी पी. इथली हवा इतकी कोरडी असते की घाम येतो तसा उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, वर गार वारा. आपल्याला घाम आलेलाच नाही अशी खात्री पटते, आणि तीन तासांनी डोकं ठणकायला लागतं. लघवी कमी आणि गडद पिवळी होणं ही इथली सगळ्यात खरी खूण. तहान लागेपर्यंत थांबू नका. घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या.

पाण्याइतकंच मीठ महत्त्वाचं. दिवसभर नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं, मळमळ होते, चक्कर येते, आणि माणूस त्यावर आणखी पाणी पितो. खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं लावलेली दशमी, मीठ घातलेलं कोकम सरबत, ओआरएसची पाकिटं हे सगळं पिशवीत असावं. आपल्या घरचा हा खाऊ इथे महागड्या एनर्जी बारपेक्षा सरस ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

पाइन स्प्रिंग्जच्या तळावर पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. सकाळी तिथून भरून निघायचं. शिखराच्या दिवशी प्रत्येकाच्या पाठीवर चार लिटर, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर. सगळ्यांचं पाणी एका धडधाकट मुलाच्या सॅकमध्ये टाकायची आपल्याकडची रीत इथे धोक्याची आहे, कारण गट पुढेमागे होतो आणि मागे राहिलेल्यालाच पाण्याची गरज जास्त असते. वाटेत एक नियम पाळा: जवळचं अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. गाडीतही वीसेक लिटरचा एक कॅन कायम भरलेला असावा.

डोंगरात आत जाऊन मुक्काम करायचा विचार असेल तर हाच हिशेब आधी मांडा. दोन दिवस आणि एक रात्र म्हणजे माणशी साडेसात लिटर. साडेसात किलो नुसतं पाणी. त्यावर तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, जेवण. स्वयंपाकाचं आणि हात धुण्याचं पाणीही त्यातच. एवढं ओझं घेऊन नऊशे मीटर चढायची सवय असेल तरच आतल्या मुक्कामाचा परवाना काढावा. पहिल्याच भेटीत तो हट्ट नको. पाइन स्प्रिंग्जला तळ ठोकून रोज हलक्या पाठीने जाऊन येण्यात काही कमीपणा नाही, उलट डोंगर जास्त पाहून होतो.

वारा

वर्षभरात इथे जाण्याचा सर्वांत चांगला काळ सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. उन्हाळ्यात खालच्या वाटा तापतात, आणि जुलैपासून दुपारी ढग जमून कडाडतात. अशा वेळी उघड्या कड्यावर सापडणं म्हणजे विजेला आमंत्रण. त्या महिन्यांत गेलातच तर पहाटे निघून दुपारी बाराच्या आत माथा सोडा. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, पण उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर बर्फ साचतं आणि गोठून निसरडं होतं. वसंत ऋतू कागदावर छान दिसतो. शाळांना मार्चची सुट्टी असते, ऊन कोवळं असतं, म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं त्याच वेळी येतात, आणि नेमका तोच वाऱ्याचा हंगाम असतो.

हा वारा गमतीवारी नेण्यासारखा नाही. डोंगराच्या पश्चिमेला मिठाची सपाट खाजणं आहेत, शिखरापेक्षा तब्बल दीड हजार मीटर खाली. त्या मोकळ्या सपाटीवरून येणाऱ्या वाऱ्याला आडवं काहीच नसतं. तो थेट या भिंतीवर आदळतो, कड्यावरून आणि खिंडींतून आवळून वर चढतो आणि पलीकडे, म्हणजे आपल्या तंबूच्या बाजूला, वेगाने खाली कोसळतो. हिवाळ्यात आणि वसंतात ताशी साठ-सत्तर मैलांचे झोत इथे नवलाचे नाहीत. अशा झोतात उघड्या धारेवर उभं राहता येत नाही, आणि घराएवढा फॅमिली तंबू तर रात्रभरही टिकत नाही.

म्हणून तंबू बुटका, घुमटाकार, काठ्या मजबूत असलेला घ्या. तळावरच्या जागा खडीच्या आहेत. तंबूसोबत येणाऱ्या पातळ अॅल्युमिनियमच्या खुंट्या त्यात वाकतात, त्यामुळे जाड पोलादी खुंट्या आणि एक हातोडी वेगळी न्या. बाहेरच्या सगळ्या दोऱ्या ताणून बांधा, आजूबाजूला शेजारचा तंबू डोलत नसला तरी. दिवसभरासाठी ट्रेकला निघताना आत सामान ठेवून तंबू उभा सोडू नका. वारा वाढणार असेल तर काठ्या काढून तो आडवा पाडा आणि वर जड सामान ठेवा. रिकामा तंबू झाडीत अडकलेला सापडणं ही इथली जुनी गोष्ट आहे. गाडीचं दार उघडताना ते हातात घट्ट धरा, नाहीतर झोत दाराची बिजागरी वाकवतो. लहान मुलांना हे दोनदा सांगा.

निघण्याआधी आणि तळावर पोचल्यावर रोज संध्याकाळी अंदाज पाहा. अभ्यागत केंद्रात तो लावलेला असतो, रेंजरही नीट सांगतात. जोरदार वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी शिखराचा बेत रद्द, यावर गटात चर्चासुद्धा नको. त्या दिवशी घळीतल्या वाटा कराव्यात. आणि रात्रीचा इशारा असेल तर व्हाइट्स सिटी, कार्ल्सबाड किंवा व्हॅन हॉर्न इथल्या मोटेलचा पर्याय आधीच मनात ठेवावा. सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल तर नुसतं मनात ठेवून भागणार नाही, खोलीचं आरक्षण करून ठेवा.

पोचायचं कसं

सगळ्यात जवळचा मोठा विमानतळ एल पासो, तिथून पूर्वेला सुमारे 110 मैल. डॅलसहून गाडीने यायचं तर पाचशे मैलांच्या आसपास, म्हणजे पूर्ण एक दिवस. हा रस्ता कंटाळवाणा मानतात, पण मिडलंड-ओडेसाच्या भागात दोन्ही बाजूंना तेल उपसणाऱ्या पंपांच्या माना खालीवर होताना दिसतील, त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. हे तेल ज्या पर्मियन काळातल्या समुद्राच्या खोऱ्यातून येतं, त्याच समुद्राच्या काठाशी वाढलेला खडक म्हणजे ग्वादलूपचा डोंगर. सव्वीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार पाणी होतं. स्पंज, शैवाल आणि चुना बांधणाऱ्या इतर जिवांनी त्यात शेकडो मैल लांबीची भिंत उभारली, नंतर ती गाळाखाली गाडली गेली आणि फार उशिरा भूकवचाच्या हालचालींनी वर उचलली गेली. भूशास्त्राला हा डोंगर इतका महत्त्वाचा वाटतो की पर्मियन काळाच्या एका भागाला याचंच नाव दिलेलं आहे. वाटेतल्या दगडांत सागरी जिवांचे ठसे सहज दिसतात. हात लावा, फोटो काढा, पण उचलून खिशात घालू नका. राष्ट्रीय उद्यानातून दगड, पान, काहीही नेणं हा गुन्हा आहे.

गाडीची टाकी एल पासो, व्हॅन हॉर्न किंवा कार्ल्सबाडला पूर्ण भरा. उद्यानात पेट्रोल मिळत नाही आणि सर्वांत जवळचा पंप सुमारे 35 मैलांवर आहे. जेवणही मिळत नाही. विमानाने येणार असाल तर स्टोव्हचा गॅसचा डबा सामानात चालत नाही, तो एल पासोला उतरल्यावर विकत घ्यायचा. आणखी एक बारीक पण त्रास देणारी गोष्ट म्हणजे वेळ. बहुतेक टेक्सास मध्य प्रमाणवेळेवर चालतं, पण एल पासो आणि हे उद्यान माउंटन वेळेवर, एक तास मागे. फोन कुठल्या टॉवरला लागेल त्याप्रमाणे वेळ बदलून दाखवतो, त्यामुळे पहाटेच्या गजरासाठी साधं मनगटी घड्याळ बरं.

कागदपत्रांबद्दल स्पष्टच सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण व्हिसावर असतात. हा सगळा भाग मेक्सिकोच्या सीमेजवळ आहे आणि एल पासोहून पूर्वेकडे येणाऱ्या महामार्गांवर सीमा गस्ती दलाची तपासणी नाकी आहेत. तिथे गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात. एच-वन, एल-वन, एफ-वन कुठलाही व्हिसा असो, मूळ पासपोर्ट आणि आय-94 ची प्रत जवळ हवी. ग्रीनकार्ड असेल तर ते कार्ड. पुण्याहून भेटीला आलेल्या आईबाबांचे पासपोर्ट घरच्या कपाटात सुरक्षित ठेवून निघणं ही इथे सुरक्षितता नाही. त्यांचा प्रवासविमाही चालू आहे ना, तो गिर्यारोहणातला अपघात धरतो का, हे घरीच वाचून घ्या. जवळचं मोठं गाव कार्ल्सबाड, तेही 55 मैलांवर.

प्रवेश शुल्क गाडीमागे नाही, माणशी आहे. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर त्यावर पासधारकासह चार प्रौढांना सोडतात. तळाचं आरक्षण सरकारी संकेतस्थळावर होतं. ऑक्टोबरअखेरचे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीचे शनिवार-रविवार फार आधी भरतात. शक्य असेल तर सोमवार ते बुधवार जा. तळावर शौचालय आहे, आंघोळीची सोय नाही. लाकूड आणि कोळसा पेटवायला पूर्ण बंदी आहे, शेकोटी नाही. वारा आणि कोरडं रान लक्षात घेतलं की याचं कारण सांगावं लागत नाही.

तीन रात्री

कार्ल्सबाडच्या गुहांकडे जाता जाता एका दिवसात शिखर उरकायचं आणि पुढे निघायचं, असा बेत बरेच जण करतात. मला तो पटत नाही. समुद्रसपाटीजवळच्या ह्यूस्टनमधून रात्रभर गाडी हाकत यायचं आणि सकाळी अडीच हजार मीटरच्या वर चढायचं, हे शरीरावर अन्याय करणारं आहे. तीन रात्री काढा. पहिला दिवस पोचण्याचा, दुसरा घळीचा, तिसरा शिखराचा, आणि चौथ्या सकाळी निघा. वाऱ्याने एखादा दिवस खाल्ला तरी अदलाबदल करायला जागा राहते.

पहिल्या संध्याकाळी तंबू लावून झाला की अभ्यागत केंद्राजवळून पायनरी नावाच्या जुन्या टपालतळाच्या अवशेषांपर्यंत जा. छोटी फरसबंद वाट आहे, चाकाच्या खुर्चीलाही चालते. 1858 मध्ये सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोला घोडागाडीने टपाल नेणारी बटरफील्ड कंपनीची सेवा सुरू झाली. पंचवीस दिवसांत ते अंतर कापायचा करार होता. घोडे बदलायचे तळ जिथे पाणी तिथेच पडायचे, आणि या डोंगराच्या कुशीत झरे होते म्हणून पायनरी उभी राहिली. वर्षभरातच मार्ग दक्षिणेला हलवला गेला आणि तळ ओस पडला. त्याच्याही कितीतरी आधीपासून हे मेस्कालेरो अपाचे लोकांचं रान. अगावेचे कंद दगडांच्या खड्ड्यात भाजण्याच्या त्यांच्या जागा या डोंगरात ठिकठिकाणी आहेत. झऱ्यांसाठी आणि पश्चिमेच्या मिठासाठी इथे माणसं एकमेकांशी लढली आहेत. 1877 मध्ये एल पासोजवळ मिठावरून खरोखरच रक्त सांडलं.

दुसऱ्या दिवशी मॅकिट्रिक घळ. माझ्या मते उद्यानातलं सगळ्यात सुंदर ठिकाण हेच, शिखरापेक्षाही. पाइन स्प्रिंग्जहून गाडीने थोडं ईशान्येला जावं लागतं. फाटक सकाळी उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं, वेळ ऋतूप्रमाणे बदलते. गाडी त्याआधी बाहेर हवी, म्हणून वेळ केंद्रात विचारून घ्या. सुरुवातीचं अर्धा-पाऊण तासाचं अंतर निवडुंग आणि पांढऱ्या धोंड्यांतून जातं, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला शंका येते की हेच का ते. मग ओढा लागतो. वाळवंटात बारमाही वाहणारं पाणी, काही ठिकाणी खडकाखाली गुडूप होऊन पुढे पुन्हा वर येणारं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. काठाने मेपल, ओक, अक्रोड, आणि लालसर गुळगुळीत सालीचं टेक्सास मॅड्रोन. हिमयुगानंतर हवा तापत गेली तशी ही झाडं बाकी प्रदेशातून हटली. या घळीत पाणी आणि सावली होती म्हणून तगली. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मेपलची पानं केशरी आणि लाल होतात. तेव्हा गर्दी असते, तरी जा, फाटक उघडताच आत शिरा.

जाऊन-येऊन पावणेआठ किलोमीटरवर दगडी प्रॅट केबिन आहे. वॉलेस प्रॅट हे तेल कंपनीतले भूशास्त्रज्ञ. तेल शोधता शोधता ते या घळीच्या प्रेमात पडले, 1930 च्या दशकात त्यांनी इथल्याच दगडात हे घर बांधलं, आणि पुढे आपली हजारो एकर जमीन राष्ट्राला देऊन टाकली. उद्यान उभं राहिलं ते या दानाच्या पायावर. आई-वडिलांना इथपर्यंत आरामात आणता येतं. वाट जवळपास सपाट आहे. पाय शाबूत असतील तर पुढे ग्रोटोपर्यंत जा, एकूण अकरा किलोमीटर. तिथे चुनखडीच्या लोंबत्या सुळक्यांची एक उथळ गुहा आहे. ओढ्यात पाय बुडवायला बंदी आहे. मुलांना ते कठीण जातं, पण तळाचा चुन्याचा नाजूक थर एका पावलाने मोडतो, आणि हे पाणी इथल्या सगळ्या जिवांचं आहे, हे त्यांना काठावर बसून दाखवता येतं.

ज्यांना अंगाला झोंबणारी वाट हवी त्यांनी डेव्हिल्स हॉल करावा. जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटरच्या आसपास, पण निम्मी वाट कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या मारत. शेवटी कातळात निसर्गाने पाडलेल्या पायऱ्या, आणि मग दोन बाजूंना उभ्या थरांच्या भिंती. दहा-बारा वर्षांची मुलं इथे सर्वांत खूश असतात. पाऊस झाला असेल किंवा ढग दिसत असतील तर पात्रात शिरू नका, पाण्याचा लोंढा डोंगराच्या मागून न सांगता येतो.

शिखराचा दिवस

ग्वादलूप पीकची वाट जाऊन-येऊन साडेतेरा किलोमीटर, चढाई सुमारे नऊशे मीटर, लागणारा वेळ सहा ते आठ तास. उजाडायच्या आधी हेडटॉर्च लावून निघा. पहिले अडीच किलोमीटर सगळ्यात खडे आहेत, पूर्वेकडे तोंड असलेल्या उघड्या उतारावर नागमोडी वळणं; ऊन चढण्याआधी हा टप्पा मागे पडला तर निम्मा दिवस जिंकलात. इथेच सर्वाधिक लोक दमून बसतात, कारण सुरुवातीला ते जोर लावतात. बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला.

मग वाट एका कड्याला वळसा घालते. थोडं अंतर एका बाजूला खोल दरी आहे. हरिश्चंद्रगडाच्या वाटा केलेल्यांना काही वाटणार नाही, पण उंचीची भीती असलेल्याला इथे मधे घ्या. वळसा संपला की उत्तरेचा उतार, आणि हवा एकदम बदलते: डग्लस फर आणि पाइनची झाडी, सावली, पायाखाली सुया. खालच्या निवडुंगांतून आलेल्या माणसाला हे रान खरं वाटत नाही. न्याहारी इथे करावी.

झाडीतून बाहेर पडलं की शिखर आलंसं वाटतं. ते शिखर नाही. खरं शिखर अजून पुढे आहे आणि अजून बराच चढ बाकी आहे. गटातल्या नवख्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा धीर इथे खचतो. एक लाकडी पूल लागतो, मग दक्षिणेकडे एल कॅपिटनचा प्रचंड सुळका दिसायला लागतो, ज्याला सकाळी मान वर करून पाहिलेलं असतं. शेवटच्या वळणांनंतर माथा. तिथे 1958 मध्ये बटरफील्ड टपालमार्गाच्या शताब्दीनिमित्त एका विमान कंपनीने उभारलेला पोलादी पिरॅमिड आहे, आणि नाव लिहायला एक वही. तिच्यात देवनागरीत नाव लिहून या. खाली पश्चिमेला मिठाची खाजणं पांढरी चमकत असतात, आणि एल कॅपिटनचा माथा आता पायाखाली असतो.

उतरताना घाई नको. वाटेवर चुनखडीचा घसारा आहे आणि पाय दमलेले असतात. बहुतेक पाय मुरगळणं उतरतानाच होतं. हातात दोन काठ्या असाव्यात. टाचेला घट्ट धरणारे बूट हवेत. नवे कोरे बूट घालून येऊ नका.

काटे, साप, जेवण, झोप

वाटेच्या कडेला लेचुगिया नावाची अगावेची बुटकी जात आहे. तिच्या पात्यांची टोकं खंजिरासारखी असतात आणि पोटरीत सरळ शिरतात. म्हणून लांब पँट, आणि बसण्याआधी जागा पाहणं. एक चिमटा आणि एक कंगवा औषधांच्या पेटीत ठेवा, निवडुंगाचे गड्डे कातडीवरून कंगव्याने उचलून काढता येतात. खुळखुळ्या साप इथे आहेत. तो बहुधा आवाज करून आपल्याला सावध करतो. थांबा, मागे सरका, लांबून वळसा घाला. न दिसणाऱ्या फटीत हात घालू नका, दगडावर पाय देताना पलीकडे पाहा. अंगात चढ असलेल्या मुलांना मोठ्यांच्या पुढे धावू देऊ नका. पहाडी सिंह आणि अस्वलं आहेत, क्वचित दिसतात. रात्री तळावर भटकतात ते कोल्हे आणि स्कंक. खाण्याचं सगळं, टूथपेस्टसकट, गाडीत बंद.

स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्ह चालतो, पण त्याभोवती वारा अडवणारा पत्रा नसेल तर पाणी उकळायला तास लागतो. या उंचीवर पाणी साधारण 94 अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला बराच जास्त वेळ लागतो आणि तांदूळही नेहमीपेक्षा उशिरा शिजतो. शिजवण्याचा घाट नकोच. पहिले दोन दिवस घरच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळ-तूप. नंतर गरम पाणी घालून होणारे पोहे, उपम्याचं कोरडं पीठ, मेतकूट. ऑक्टोबरच्या अखेरीस पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो, वाऱ्यात तो आणखी कमी वाटतो, म्हणून स्लीपिंग बॅग शून्य अंशाची घ्या आणि खालची मॅट चांगली जाड. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा डोक्यावरून क्षितिजापर्यंत दिसते. तेव्हा हेडटॉर्चचा लाल दिवा लावा; पांढऱ्या दिव्याने शेजाऱ्याचंही आकाश विझतं. स्पीकरवर गाणी मुळीच नकोत.

चौथ्या सकाळी वारा शांत असेल तर निघण्याआधी फ्रिहोले रँचपासून स्मिथ स्प्रिंगचा पावणेचार किलोमीटरचा फेरा मारा, झऱ्याकाठची झाडी आणि पाणी प्यायला आलेली हरणं बघायला. वारा वाढला असेल तर तंबू गुंडाळून सरळ कार्ल्सबाड कॅव्हर्न्स गाठा. ती गुहाही याच पर्मियन भिंतीत, सल्फ्युरिक आम्लाने चुनखडी विरघळून झालेली. नैसर्गिक तोंडातून सव्वादोनशे मीटरहून अधिक खोल उतरणारी दोन किलोमीटरची वाट आहे; दमलेल्या गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे. आत बारा महिने तेरा अंश तापमान असतं, एक स्वेटर वर ठेवा. प्रवेशाची वेळ आधी ठरवून आरक्षण करावं लागतं, आणि ते ग्वादलूपला निघण्यापूर्वी घरूनच करा, कारण डोंगरात फोनला रेंज मिळेलच असं नाही.